धाब्यावरची काळी माती

घर घेतलं तेव्हा घराबद्दल मला काही कळत नव्हतं, हे आधीच कबूल करतो. माझी शाळा तिसऱ्या इयत्तेत सुटली. वडील गेले, आणि पुढच्याच महिन्यात पंतोजींनी माझी पाटी घरी धाडून दिली. लिहिता येत होतं, बेरीज येत होती. तेवढ्या शिदोरीवर मी कोकणातून निघालो आणि कापसाच्या मागं मागं वऱ्हाडात पोचलो. त्या वर्षांत कुठं तरी लांब लढाई चालली होती म्हणे, आणि विलायतेला कापूस मिळेनासा झाला होता. इकडे ज्याला चिठ्ठी लिहिता येई त्याला कामाची वाण नव्हती. अमरावतीच्या एका अडत्याकडे मी वजनाच्या चिठ्ठ्या लिहू लागलो. त्यानं मला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही. हे मी विसरलेलो नाही.

पण राहायला होता वखारीतला कोपरा. बायको पहिल्यांदा आली ती चार महिने त्याच कोपऱ्यात राहिली. एका बाजूला सरकीचे ढीग, दुसऱ्या बाजूला गासड्या, आणि हवेत दिवसभर कापसाचे तंतू. तिला खोकला लागला. आधी नुसता कोरडा होता, पुढं पुढं असा की बोलता बोलता तिला भिंत धरावी लागे. तिला वडील नव्हते. काकांनी वाढवलं होतं, लग्नही त्यांनीच लावून दिलं होतं. तेच येऊन तिला परत घेऊन गेले. निघताना मला म्हणाले, "जावईबापू, डोक्यावर स्वतःचं छप्पर झालं की कळवा. मी आणून पोचवीन. पण पुन्हा न्यायला यावं लागलं तर मग ती आमच्याकडेच राहील." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

दोन हंगाम मी साठवत राहिलो. मग अडत्यानं अकोल्याला दुकान काढलं आणि मला तिकडे पाठवलं. तिथं मोर्णा नदीच्या अलीकडे, जुन्या वस्तीत, एका कुणब्याचं घर निघालं. कापसानं त्याचे दिवस पालटले होते. शेताच्या वाटेवर त्यानं दगडी जोत्याचं नवं घर बांधलं होतं आणि या जुन्यात कडबा भरून ठेवला होता. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं हातभर परस. भिंती मातीच्या आणि वर धाबं, म्हणजे सपाट छप्पर. लाकडाच्या कड्या, त्यांवर तुराट्या, त्यांवर पळसाची पानं, आणि सगळ्यावर माती. वऱ्हाडात येऊन मला तीन वर्षं झाली होती, तशी घरं येता-जाता दिसत होती. पण दुसऱ्याच्या छपराकडे निरखून कोण बघतो?

"घर पक्कं हाय बापा," तो म्हणाला. "माह्या बुढ्यानं बांधलं. भितीले काई होत नाई. धाब्यावर तेवढी माती टाकून घ्या, वीतभर. आमी दोन सालापासून टाकलीच नाई. फुरसत कोठी हाय?"

मी मान डोलावली. कुठली माती, हे विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगायचं त्याला. त्याच्या घराण्यात कुणी कधी तसं विचारलंच नसेल.

कागद झाला त्या दिवशी मी दोनदा जाऊन घर बघून आलो. आनंद झाला असं म्हणायला हवं. खरं सांगायचं तर धास्तीच जास्त होती. वखारीची भिंत पडली असती तर ती अडत्याची पडली असती. ही पडली तर माझी पडणार होती.

आणि ती पडायच्या बेतातच होती. मागच्या भिंतीला उंदरांनी पोखरलं होतं, दाराची चौकट एका अंगाला बसली होती, जमीन तर पायाखाली भुगा होई. कामाला माणूस मिळेना. ज्याला भिंत घालता येत होती तो रेल्वेच्या भरावावर गेला होता, ज्याच्याकडे गाडी होती तो कापूस वाहत होता. एका गवंड्याकडे मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुमी मले बोलावून राहिले, पन माह्या मांगं साहेब लागला हाय. पावसाळा होऊ द्या, मंग येतो." पावसाळा झाल्यावर त्याला यायला घर उरलं नसतं. मग मीच सुरुवात केली. पहाटे उठून उंदरांची बिळं दगडमातीनं बुजवायची, एक कोनाडा पुरता करायचा, हातपाय धुवायचे आणि दुकानात जाऊन दिवसभर चिठ्ठ्या लिहायच्या. हाताला चिरा पडल्या. लेखणी धरली की बोटं दुमडत नसत. त्या दिवसांतलं माझं अक्षर पाहून अडत्यानं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" कामावरून काढलं मात्र नाही.

माघात धाब्याची पाळी आली. गावाबाहेर रुळांसाठी खणती चालली होती आणि काळ्या मातीचे ढीगच्या ढीग तसेच पडून होते. कुंभार आपल्या गाढवांवरून ती आणून द्यायला तयार झाला. "कायले पाह्यजे?" असं त्यानं एकदा विचारलं. मी म्हटलं, "लागते आहे." त्याला वाटलं, परसात भाजी लावणार असेन.

इथं माझीही बाजू ऐकून घ्या. आमच्याकडे तांबडी, दगडगोट्यांची जमीन. पालापाचोळा भाजून राब करायचा तेव्हा कुठं चार दाणे हाती यायचे. वऱ्हाडातली काळी माती पहिल्यांदा मुठीत घेतली तेव्हा मी ती नाकाशी नेली होती. घरी लिहिलं होतं, इथली माती लोण्यासारखी आहे. जिच्या पिकासाठी समुद्रापलीकडचे व्यापारी झुरतात तीच आपल्या डोक्यावर घालायला मिळते आहे, यापरतं भाग्य ते काय, असं मला वाटलं. वीतभर सांगितली होती, मी दीड वीत घातली. पाणी मारून चोपली, तेव्हा धाबं तुळतुळीत दिसत होतं. शिडीवरून खाली आलो, हात धुतले आणि काकांना पत्र लिहिलं, की छप्पर झाले, तरी मुलीस घेऊन यावे.

शेजारी एक माळीण राहायची. पन्नाशीची, विधवा. नदीकाठी तिचा मळा होता, त्यातली वांगी, मेथी, मिरच्या ती बाजारात नेऊन विकायची. माघभर ती बाळापूरला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. होळीच्या तोंडावर परतली आणि दुसऱ्याच दिवशी मिरच्या वाळत घालायला आपल्या धाब्यावर चढली. तिथून तिला माझं धाबं दिसलं.

"कोकन्या," तिनं हाक दिली, "वर ये जरा."

मी माझ्या धाब्यावर चढलो. कामाच्या धांदलीत वर जाऊन महिना झाला होता. माती वाळून फुटली होती. चिरा अशा की बोट आत जावं, आणि मधले तुकडे ताटासारखे कडांनी वर उचललेले.

"हे कोनं केलं?"

"मी."

"तुले सांगतलं कोनं?"

"घरवाल्यानं. माती टाका म्हणाला."

तिनं मिरच्यांची पाटी खाली ठेवली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अरे बापा, वावर चढवलं घरावर. आता सरकी बी पेरून टाक. दसऱ्यानंतर वेचाले मी येईन."

"मावशी, चुकलं काय ते तरी सांगा."

"काळी पानी पेते. पेली का फुगते, वाळली का फाटते. काळी पेराले, पांढरी राहाले. लेकराले बी ठाऊक हाय."

मग तिनं समजावून सांगितलं. शेताची ती काळी, गाव बसतं ती पांढरी. वस्तीच्या जागेत वर्षानुवर्षं राख, शेण, पडक्या भिंती मुरत जातात आणि माती पांढुरकी, खारट, चिकट होते. तिच्यात पाणी शिरत नाही. घराला तीच लागते. "पयले हे उतरव," ती म्हणाली. "वजन पाय किती केलं. खालून कड्या पाय."

खाली येऊन पाहिलं. मधली कडी धनुष्यासारखी वाकली होती. तिच्याच खाली माझं अंथरूण होतं.

मी त्याच दिवशी उतरवायला हवं होतं. पण पत्र जाऊन बसलं होतं, छप्पर झालं म्हणून. सगळं उतरवायचं म्हणजे मी खोटं लिहिलं असं होत होतं. म्हणून मी शेणकाला करून चिरा बुजवल्या आणि माळणीला दिसू नये म्हणून ती मळ्यात गेल्यावर बुजवल्या. असा मी शहाणा. पाडव्यानंतर एका दुपारी वळीव आला, गारांसकट, अर्धी घटका. मी दुकानात होतो. परत आलो तर मधली कडी मोडलेली, आणि अंथरुणाच्या जागी चिखलाचा ढीग. मी त्या ढिगाकडे बघत उंबऱ्यावर बसून राहिलो. रडू आलं नाही, झोप येत होती.

माळीण आपलं फावडं घेऊन आली. "तुले शिव्या देनार होती," ती म्हणाली. "आता राहू दे. पाटी धर."

तिचं माझ्याशी नातं नव्हतं, गोत नव्हतं. पुढं काम संपेपर्यंत ती सकाळी मळ्यात पाणी सोडून माझ्याकडे येत होती. हे उपकार मी कुठं फेडणार?

मोडकी कडी काढून तिच्या जागी माळणीच्याच गोठ्यातली एक जुनी सागाची दांडी घातली. मग आम्ही पांढरी आणायला निघालो. गावापासून कोसभर एक रीठ होतं. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. कधी पटकी येते, कधी पाणी आटतं, माणसं निघून जातात आणि भिंती पावसात विरघळून त्यांचं टेकाड होतं. माणूस एकही नव्हता, पण मारुतीचा शेंदूर ताजा होता. माळणीनं मला त्याच्यापुढं उभं केलं.

"सांग त्याले. कोन हायस, कोठी राहतोस, किती नेनार."

मी कचेरीत जबानी द्यावी तसं सांगितलं. 'किती'शी अडखळलो.

"पुरंल इतकी म्हन," ती म्हणाली.

मग ती अनवाणी पायांनी चाचपत टेकाडावर फिरली. एका जागी थांबली. "इथची नको. इथं चूल होती." माती तिथं जळकट, तांबूस होती. ती जागा सोडून आम्ही खणलं. कुणाची तरी भिंत मी पाटीत भरत होतो. तीही माणसं कुठून तरी लांबून येऊन इथं टेकली असतील, आणि त्यांच्याही घराला कुणीतरी नावं ठेवली असतील, असलं काही मनात येत होतं. कुंभार गाढवं घेऊन आला होता. तो सारखा म्हणत होता, "मले सांगाचं होतं ना बुवा. मले वाटलं तुमी वांगे लावता."

अर्ध्या धाब्यावर पांढरी चढली होती आणि अर्धं उघडं होतं, तेव्हा काका माझ्या बायकोला घेऊन आले. तारवानं मुंबई, तिथून आगगाडीनं खानदेश, पुढं बैलगाडीत दिवसचे दिवस धूळ. काकांनी पाण्याचा तांब्या घेतला नाही. सरळ मागच्या खोलीत गेले आणि वर आभाळाकडे बघत उभे राहिले.

"छप्पर झाले, असं लिहिलं होतंत."

"झालं होतं."

"मग?"

"काढलं."

"का?"

"माती चुकली."

ती दारातच उभी होती, कमरेवर गाठोडं घेऊन. तिला एक ठसका आला. वाटेची धूळ असेल. पण मी आणि काका दोघांनीही एकदम मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"गाडी बघा," काका म्हणाले. "आम्ही माघारी जातो. दोघंही."

कुडापलीकडून माळणीचा आवाज आला. "पाहुनेबुवा, गाडी कोठून आनता? कापूस सोडून मानसं कोन नेते आता? कापूस वाटेत बोलत नाई, खाले बी मांगत नाई."

काकांना आणणारा गाडीवान तोवर कुणाची तरी गासडी लादून गेलासुद्धा होता. मी गाडी शोधायला गावभर फिरलो. मनापासून शोधली असं मात्र म्हणवत नाही.

काका एक दिवस ओसरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी नुसतं बघायला म्हणून शिडी चढले. जन्मभर त्यांनी गवताची छपरं शाकारली होती. धाब्याकडे पाहून त्यांना राहवेना.

"बाई, याला उतार कुठं आहे?"

"हाय ना, दोन बोटं. अजून कायले पाह्यजे?"

"पाणी जायचं कुठं?"

"पानी येतेच किती?"

"आमच्याकडे येतं तेव्हा समोरचं घर दिसत नाही."

"तुमच्या इकडचं पानी इकडे कायले येईन? त्याले बी गाडी भेटली पाह्यजे."

काकांनी तोंड फिरवलं. हसू लपवत होते की राग, मला सांगता येणार नाही. त्यांनी चार बोटं उतार मागितला, ती दोनावर अडून बसली, शेवटी तिनावर मिटलं. मागच्या अंगाला पाणी काढून द्यायला एक लाकडी पन्हळ बसवायची, हे मात्र काकांनी सोडलं नाही. धोतर खोचून ते स्वतःच चोपायला बसले.

माती, गव्हांडा म्हणजे गव्हाचा भुसा, आणि शेण भिजवून पायांनी तुडवायचं काम बायकोनं आपणहून घेतलं. माळीण वरून सांगायची, "नवरी, टाच दाब. बोटानं तुडवशीन त गुठळी राहते." मी पाट्या वर चढवत होतो आणि कान खाली ठेवून होतो. पहिल्या दिवशी ती चारदा खोकली. मग तीनदा. एक दिवस दोनदाच. ओली माती उडत नाही, कापसासारखी छातीत जात नाही, हे मला तेव्हा उमगलं. तरी धीर येत नव्हता. खोकला कमी होतोय असं मी काकांना सांगायचं ठरवायचो, आणि नेमकी तेव्हाच ती खोकायची.

एकदा पाटी भरताना मी तिला हळूच विचारलं, "तुला जायचं आहे का?"

"हे अजून मला कुणी विचारलं नव्हतं."

"मी विचारतोय."

"तो पन्हळीचा कोपरा पुरा करा आधी," ती म्हणाली. "मग विचारा."

काका आल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी एक गाडी दाराशी थांबली. माळणीच्या ओळखीतला गाडीवान होता, कापूस घेऊन खानदेशात निघाला होता. "गासड्यायवर जागा हाय," तो म्हणाला. "किती मानसं?"

काका घरात गेले. प्रत्येक कडीला तळवा लावून पाहिला, नव्या दांडीला जास्त वेळ. बाहेर आले. पन्हळीचा कोपरा अजून ओला होता आणि बायको वरच होती, हातात चोपणं घेऊन. ती खाली उतरली नाही. मी शिडीच्या पायथ्याशी उभा होतो.

"बोला ना बुवा," गाडीवान म्हणाला, "बैल उभे हायेत."

"एक," काका म्हणाले.

आपलं गाठोडं त्यांनी स्वतःच वर टाकलं. मग माझ्याकडे वळले. "आषाढात पत्र घाला. गळलं तर गळलं म्हणून लिहा. उगाच झाले झाले असं लिहू नका." वर बघून तिला म्हणाले, "पन्हळीच्या तोंडाशी जास्त चोप." ती "हो" म्हणाली. उपरण्यानं नाक झाकून ते गासड्यांवर बसले आणि गेले.

माळीण बराच वेळ त्या वाटेकडे बघत होती. "मानूस चांगला हाय," ती म्हणाली. "हट्टी हाय, पन उतार ठीक सांगतला त्यानं." हे तिनं त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नव्हतं.

आषाढात गळलं. मी पत्र लिहायला बसलो आणि बायकोला विचारलं, "दोन ठिकाणी गळतं असं लिहू?"

"तीन. चुलीपाशीही टपकतं. तुम्ही दुकानात असता."

"तीन लिहू?"

"तीन आहे तर तीनच लिहा."

"आणि खोकला?"

"सकाळी एकदा येतो. तेही लिहा."

एवढ्या चार ओळींना मला दोन दिवस लागले. पत्र गेलं. श्रावणभर दारावरून गाडी गेली की माझा हात थांबायचा. पावसात गाड्या तशा कमीच, तरी जी जाई ती बायकोला न्यायलाच आली असं वाटे. धाब्यावर चढून मी दोनदा पांढरी लावली, चुलीपाशी टपकायचं थांबलं, बाकी दोन जागा तशाच राहिल्या. अंग इतकं दमलेलं असे की जेवतानाच डोळे मिटत. ती म्हणायची, घास तरी गिळा.

भाद्रपदात काकांचं उत्तर आलं. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, दोनच ओळींचं. पत्र पोचले. पन्हळ अरुंद आहे, रुंद करावी.

मी ते तिला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मग भाकरी थापायला घेतली.